दिवाळी नसलेल्या घरातली सुट्टी

आमच्या घरी दिवाळी नसायची. माझा आजा नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानं घरातले सगळे देव टोपलीत भरले, पैनगंगेच्या डोहात नेऊन सोडले, आणि त्या वर्षापासून आमच्या दारात पणती लागली नाही. माझे बाबा तेव्हा दहाएक वर्षांचे असतील. आज्यानं केलं ते बरोबरच केलं, असं बाबा आयुष्यभर म्हणत आले. पण त्या पहिल्या दिवाळीला गावभर फटाके वाजत होते, पोट्टे नवे सदरे घालून हिंडत होते आणि आपण दाराच्या आत बसून ज्वारीच्या कण्या खात होतो, हेही ते विसरले नव्हते. "माह्या बापानं दिवाळी सोडली," ते आम्हाला सांगायचे, "पण पोरानं त्या दिवशी करावं काय, हे त्याले कोणी सांगितलंच नाही." म्हणून मग हेडमास्तर झाल्यावर आणि दोन लेकरांचे बाप झाल्यावर त्यांनी आपल्यापुरती एक तोड काढली. आपल्या घरी दिवाळी नाही, आपल्या घरी सुट्टी. आणि ती सुट्टी ते अशी साजरी करायचे की गावातली दिवाळीवाली लेकरंसुद्धा हातातली फुलबाजी तशीच घेऊन आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची.

शाळा महागावहून उमरखेडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपून शेतं सुरू होतात तिथं होती. एका ओळीत आठ खोल्या, वर टिनं, पुढं लांबच लांब व्हरांडा, आणि मागच्या अंगाला हेडमास्तरांचं क्वार्टर. दोन खोल्या नि स्वयंपाकघर. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्या दोघांच्या मध्ये, का कोण जाणे, भारताचा नकाशा. शाळा भरलेली असली की आमच्या घरात दिवसभर मुलांचा आवाज असायचा, पाढे, कविता, मधल्या सुट्टीतला गोंगाट. सुट्टी लागली की तो एकाएकी थांबायचा. मग दुपारी ऊन चढलं की टिनं तापून कडकड वाजायची, कबुतरं आढ्यात घुमायची, आणि आठ रिकाम्या खोल्यांच्या शेजारी आम्ही चौघं. शिक्षक आपापल्या गावी गेलेले, शिपाई आपल्या शेतात कापूस वेचायला. मला वाटतं, त्या शांततेला बाबाच सगळ्यांत जास्त घाबरत असावेत. हे मला आता वाटतं. तेव्हा वाटायचं की माझे बाबा कशालाच घाबरत नाहीत.

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की ते शिपायाच्या हातून घंटा बडवायचा टोला काढून घ्यायचे आणि ती स्वतः वाजवायचे. हात दुखेपर्यंत वाजवायचे. मुलं ओरडत पळत सुटली की ऑफिसात जाऊन आपले काळे बूट कपाटात ठेवायचे, कपाटाला कुलूप लावायचे आणि अनवाणी घरी येऊन मायला सांगायचे की हेडमास्तर आत कोंडलाय, शाळा उघडेपर्यंत त्याला जेवायला द्यायचं काम नाही. माय म्हणायची, बरं झालं, तेवढंच पीठ वाचलं. दरवर्षी हेच. आणि दरवर्षी दादा आणि मी हे ऐकायला दाराशी येऊन उभे राहायचो.

दुसऱ्या दिवसापासून शाळा आमची. प्रत्येकाला एकेका वर्गाचा फळा मिळायचा, त्यावर हवं ते काढायचं. बाबा रंगीत खडूंचा अख्खा डबा फोडायचे, एरवी जे खडूचा तुकडासुद्धा जपून वापरा म्हणून मास्तरांच्या मागं लागायचे तेच. व्हरांड्यात पोत्याची शर्यत व्हायची, त्यात माय पदर खोचून उतरायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. बाबा नकला करायचे. कुंभाराच्या गाढवाची, उमरखेडहून येणाऱ्या शिक्षण अधिकाऱ्याची, आणि आमच्या आज्याची सुद्धा, आजा होता तोवर त्याच्या समोरच. शाळेत ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचे. 'बाळांनो, वही काढा.' घरात पाय ठेवला की 'काहून बे, कोठी गेलते?' सुट्टीत ती शुद्ध भाषा बुटांबरोबरच कपाटात राहायची.

गावात लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्याकडं फराळाची ताटं यायची. पाटलांकडून, किराणा दुकानवाल्यांकडून, दोन-तीन मास्तरांच्या घरून. कोणी ताट दारात ठेवून परतायचं, कोणी आत येऊन चहा पिऊन जायचं. घरोघरची रीत वेगळी होती आणि माय ती बरोबर ओळखून असायची. पण ताट कुठलंही असो, ते रिकामं परत पाठवायचं नाही, हा तिचा नेम. त्यासाठी ती आधीच खारे शंकरपाळे तळून ठेवायची, ओवा घातलेले. त्या तळणीचा वास, तापल्या टिनांचा वास आणि नव्या कापसाचा एक कोरडासा वास, हे तीन मिळून माझ्या लेखी सुट्टी. मी आता यवतमाळला फ्लॅटमध्ये राहते. खालच्या मजल्यावरच्या बाई दिवाळीला डबा पाठवतात, प्लास्टिकचा, झाकणाचा. म्हणतात, डबा परत करू नका, वापरून टाका. मला ते दरवेळी थोडं चुकल्यासारखं वाटतं.

आणि सुट्टीतला मोठा दिवस रोडग्यांचा. पूस नदीच्या काठी, बाभळीखाली, गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारा, करायचा. माय घरूनच कणीक घट्ट मळून आणायची, तेलाचा हात लावत लावत घडीवर घडी देऊन गोळे वळायची, आणि बाबा एकेक गोळा निखाऱ्यात टाकताना त्याला मास्तरांची नावं ठेवायचे. हा गणिताचा, वरून कडक. हा पी.टी.चा, कुठूनही भाजा, फुगतोच. हा हेडमास्तर, याच्यावर राख जास्त टाका, नाहीतर उगाच वर येऊन पाहत बसेल. मग राख झटकून, फोडून, तूप सोडून, वांग्याच्या भाजीत कुस्करून खायचे. माझ्या आयुष्यात मी बरंच चांगलंचुंगलं खाल्लं आहे. असो.

मी सातवीत होते त्या वर्षी पोळ्यानंतर मायला कावीळ झाली. गावातलं औषध झालं, पुसदचे डॉक्टर झाले, मग यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जाताना तिनं मला सांगितलं होतं की मडक्यातलं बी उंदरांपासून जप आणि बाबांना चहात साखर कमी दे. ती परत आली ती गाडीत निजवूनच. त्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. भन्तेंचा आवाज आठवतो, पांढरी साडी आठवते, दारव्ह्याची मावशी मला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या बांगड्या माझ्या पाठीला टोचत होत्या, ते आठवतं. बाबांना रडताना मी पाहिलं नाही. दादा नागपूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. तो आला, भिंतीकडं तोंड करून रडला आणि परत गेला. बाबा चार-पाच दिवसांत वर्गावर गेले. मी घरात भांडी घासत होते आणि भिंतीपलीकडून नववीचा वर्ग हसल्याचा आवाज आला. चांगला खदखदून. बाबा भूगोल शिकवताना मुलांना वारे बनवायचे, कोणी नैऋत्य, कोणी ईशान्य, आणि त्यांच्या टकरी लावायचे. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. लोक म्हणत, सर लय धीराचे. मला ते खरंच वाटायचं, आणि त्या धीराचं काय करावं ते मला कळत नव्हतं. मला धीर नको होता. मला कोणीतरी माझ्यासारखं हवं होतं.

मग सहामाही झाली. त्या वर्षी घंटा कोण वाजवेल, याकडं सगळ्या शाळेचं लक्ष होतं, आणि शिपायानं टोला आपण होऊन बाबांपुढं धरला नाही. बाबांनी तो मागून घेतला. वाजवली. दरवर्षीसारखी, हात दुखेपर्यंत, पण मुलं ओरडली नाहीत. बावचळून एकमेकांकडं पाहत फाटकाबाहेर गेली. बाबा बूट कपाटात ठेवून अनवाणी घरी आले आणि दारात उभे राहून त्यांनी ते वाक्य म्हटलं, हेडमास्तर आत कोंडलाय, त्याला जेवायला द्यायचं काम नाही. मी चुलीपाशी होते. पिठाचं जे बोलायचं असायचं ते मायचं होतं. मी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. दादा त्याच दुपारी नागपूरहून आला होता, तो खाटेवर बसून बुटाची नाडी सोडत राहिला. बाबा पाय धुवायला मोरीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. तीन पोती झटकून ठेवली होती. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. तो मोठा झाला होता, मिशी फुटली होती, आणि नागपूरला राहून त्याचं बोलणं जरा कमी झालं होतं. त्यानं पोत्यांकडं पाहिलं आणि विचारलं,

"बाबा, हे कोणासाठी करून राह्यले तुमी?"

"तुमच्यासाठी."

"मग माह्यासाठी नका करू."

तो चढ्या आवाजात बोलला नाही, म्हणून ते आणखीच वाईट वाटलं. बाबांनी मान हलवली, जसं वर्गात एखाद्यानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे. दादाचं पोतं घडी करून बाजूला ठेवलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी घाईघाईनं पोत्यात शिरले आणि आम्ही दोघं पळालो. व्हरांड्याच्या टोकाला मी आधी पोहोचले. बाबांनी टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्या आठही खोल्यांतून फिरून परत आल्या. दुसऱ्या दिवशी दादा अभ्यास आहे म्हणून नागपूरला निघून गेला. पुढं त्याची नोकरी, लग्न, सगळं नीट झालं, बाबांचं शेवटचं दुखणं त्यानंच काढलं. पण दिवाळीच्या सुट्टीत तो घरी म्हणून त्यानंतर कधी आला नाही.

उरलो आम्ही दोघं. बाबा रोज सकाळी काहीतरी काढायचे. फळ्यांवर चित्रं झाली. सायकलवर उलटं बसून मैदानाला चकरा झाल्या. नकला झाल्या. मी हसायची. मला हसू येत नव्हतं, पण मी नाही हसले तर ते बिचारे काय करतील, असं वाटायचं, म्हणून मी आवाज काढून हसायची, आणि मी हसले की ते आणखी एक नक्कल करायचे. दुपारी ते जरा पडले की मी मायच्या वर्गात, म्हणजे तिला फळा मिळायचा त्या खोलीत, जाऊन बाकावर बसायची. तो फळा त्या वर्षी कोणाला दिला नव्हता. त्यावर काही नव्हतं. सहामाहीचं 'शांतता राखा' एवढं होतं, कोण्या मास्तरांच्या अक्षरात. टिनं वाजायची. गावातून फटाक्यांचे आवाज यायचे, आणि प्रत्येक आवाजाला कबुतरं भडकून उडायची नि परत येऊन बसायची. बाहेर मोठ्ठं मैदान, त्यापलीकडं पांढराशुभ्र कापूस, आणि नजर जाईल तिथवर माझ्याशी बोलायला कोणी नाही. वर्गातल्या मैत्रिणी होत्या, पण त्या दिवाळीत होत्या. आणि माय गेलेल्या पोरीशी काय बोलायचं, हे त्यांना तरी कुठून माहीत असणार.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ताटं आली. त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्तच आली. लोकांना वाईट वाटत होतं आणि ते त्यांनी चकल्या-अनारशांत घातलं होतं. मी फराळ डब्यात काढून ठेवला, ताटं धुतली आणि मग माझ्या लक्षात आलं की परत पाठवायला घरात काही नाही. शंकरपाळे तळायचे तर मला प्रमाण माहीत नव्हतं. ताटं मी स्वयंपाकघरात भिंतीला लावून ठेवली, एकावर एक. पितळेची, जर्मनची, एक स्टीलचं, पाटलांचं नाव कोरलेलं. येता-जाता ती दिसायची. बाबांनाही दिसत असणार.

आणि मग एका सकाळी बाबा म्हणाले, आज रोडगे.

मी नको म्हणायला हवं होतं की काय, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी सायकलच्या कॅरिअरला गोवऱ्यांचं पोतं बांधलं, हँडलला वांगी नि तेलाची बाटली अडकवली, मला पुढं दांडीवर बसवलं. मी तोवर तशी बसण्याजोगी लहान राहिले नव्हते, गुडघे हँडलला लागत होते. रस्त्यात कापूस वेचणाऱ्या बायांनी विचारलं की सर, कुठं निघाले. बाबा म्हणाले, नदीवर मीटिंग हाय. बाया हसल्या. मग त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचं हसू आवरलं.

कणीक बाबांनी नदीवरच मळली. पीठ त्यांनी दरवर्षीच्या डब्यानंच मोजून आणलं होतं, चौघांचं आणि शिवाय गेलेल्या आज्याचं, परतीच्या वाटेवर कोणी भेटलं तर त्याचंही. एवढं पीठ दोघांना कशाला, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. पाणी जास्त झालं. मग पीठ घातलं. मग ते कोरडं झालं. गोळे वळून त्यांनी दगडावर रांगेत मांडले, बरेच झाले. एकेक निखाऱ्यात टाकत ते नावं ठेवू लागले. हा गणिताचा. हा पी.टी.चा. मी हसले. हा अमका, हा तमका. मास्तर संपले तरी रोडगे संपले नाहीत. मग त्यांनी शिपायाचं नाव ठेवलं, मग पोस्टमनचं, मग ते थांबले आणि उरलेले नुसतेच टाकले.

वांग्याची भाजी बरी झाली होती. रोडगे वरून काळे झाले, आणि फोडले तर आत पांढरी कच्ची कणीक, ओलसर. बाबांनी अर्धा तोंडात घातला. चावत राहिले. गिळता येत नव्हता, ते मला त्यांच्या गळ्यावरून दिसत होतं.

"मस्त झाला," ते म्हणाले.

"बाबा, कच्चा हाय."

"थोडासा हाय."

त्यांनी दुसरा घास घेतला. नदीला पाणी बरं होतं त्या वर्षी. पलीकडच्या काठावर कोणाच्या तरी म्हशी उतरत होत्या. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, मी ठरवलं नव्हतं, आवाजही फार मोठा नव्हता.

"बाबा, मले हे नाही आवडून राह्यलं."

त्यांनी हातातला रोडगा खाली ठेवला. हात राखेचे होते ते पायजम्याला पुसले, एरवी ते असं कधी करत नसत. बराच वेळ म्हशींकडं पाहत होते. मला वाटलं आता ते नक्कल करतील, आणि त्यांनी ती करू नये असं मला मनापासून वाटलं.

"मलेबी नाही आवडून राह्यलं, बाई," ते म्हणाले. "पण मले दुसरं काहीच येत नाही."

एवढंच. ते रडले नाहीत, मीही नाही. पण मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला, राखेसकट. आर विझला. मग आम्ही कच्चे रोडगे पोत्यात भरले, घरी आणून पाटलांच्या गायीपुढं टाकले. येताना मी दांडीवर बसले नाही. दोघं सायकल हातात धरून चालत आलो.

त्यानंतरचे काही दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतात, आणि त्यांत सांगण्यासारखं असं काहीच नाही. बाबांनी कपाटातून बूट काढून आणले आणि घालायला लागले. सकाळी ते चहा करत, मी भाकरी टाकत असे. माझ्या भाकरीला भोकं पडायची, ते भोकातून माझ्याकडं पाहायचे नाहीत, नुसती खायचे. जेवताना मायचं नाव निघायला लागलं. ती लग्न होऊन आली तेव्हा सायकलवर बसायला घाबरायची, असं त्यांनी सांगितलं. हे मला माहीत नव्हतं. एका दुपारी आम्ही मागच्या टेकडीवर जाऊन सीताफळं आणली. डोळे उघडलेली, पिकायला आलेली. घरी येऊन मी भिंतीची ताटं काढली, प्रत्येकात दोन-दोन सीताफळं ठेवली आणि बाबांबरोबर घरोघर जाऊन परत केली. पाटलीणबाईंनी ताट घेतलं आणि कितीतरी वेळ दारातच उभ्या राहिल्या. मला आत बस म्हणाल्या, पाणी दिलं. त्या घरात आत बसायची ती माझी पहिली वेळ. त्या परतीच्या वाटेवर बाबांनी माझा हात धरला होता, आणि मला वाटलं की आता असंच चालेल, आम्ही दोघं, असं पुरेल.

त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं. आम्ही ओट्यावर तूर निवडत होतो. दारव्ह्याला मावशीला त्यांनी निरोप धाडला होता आणि तिचं उत्तर आलं होतं. तिच्याकडं दोन पोरी आहेत तुझ्या वयाच्या, घरात बाई माणूस आहे, शाळा जवळ आहे. शाळा उघडायच्या आधी गेलीस तर नाव घालायला बरं. पोरीनं असं रिकाम्या शाळेत एकट्या बापाबरोबर राहू नये. हे सगळं ते सुपातल्या तुरीकडं पाहून बोलले, अगदी शुद्ध भाषेत, वर्गात बोलायचे तसं. त्यावरूनच मला कळलं की ठरलेलं आहे.

मी विचारलं, "आणि तुमी?"

"मी शाळेतच असतो ना," ते म्हणाले.

नदीवर मी जे बोलले त्यामुळं हे झालं, असं मी बरीच वर्षं धरून होते. आता तसं वाटत नाही. मला दोन मुली झाल्या, त्या तेराव्या वर्षाच्या झाल्या, तेव्हा मला कळलं की त्या वयाची मुलगी एकट्यानं सांभाळायची म्हणजे बाबांना काय काय भीती वाटली असेल, ज्याबद्दल ते माझ्याशी बोलूही शकत नव्हते. पण कळलं म्हणून तेव्हाचं एकटं वाटणं मागं जाऊन कमी होत नाही.

दुपारची उमरखेडहून यवतमाळला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबायची. बाबांनी माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली होती. गाडीत चढून पेटी बाकाखाली सरकवली आणि गाडी सुटेपर्यंत म्हणून माझ्या शेजारी बसले. कंडक्टर ओळखीचा होता, बाबांना पाहून आधीच हसायच्या तयारीत होता, पण बाबांनी फक्त मान हलवली. कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली. बाबा उठले नाहीत. गाडी हलली. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते समोर, ड्रायव्हरच्या पाठीकडं पाहत होते.

तिकिटाला कंडक्टर आला तेव्हा त्यांनी माझं दारव्ह्याचं घेतलं आणि म्हणाले, "आणि एक पुसदपर्यंत." पुसदहून परतीच्या गाड्या बऱ्याच असतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. पुसदला गाडी चहापाण्याला थांबली. ते उतरले, केळी घेऊन आले, माझ्या मांडीवर ठेवली, पुन्हा बसले. "दिग्रसपर्यंत," ते कंडक्टरला म्हणाले. मी एक केळं त्यांना सोलून दिलं. दोन्ही बाजूंनी कापूस, ज्वारी, मध्येच टेकड्या. आता तिकडून गेलं की सगळं सोयाबीन दिसतं. बाबा वाटेत लागणाऱ्या गावांची नावं सांगत होते, जणू मला परीक्षेला येणार आहेत. दिग्रसला कंडक्टर आमच्याजवळ आला, उभा राहिला, आणि न विचारताच दारव्ह्याचं तिकीट फाडून त्यानं बाबांच्या हातात दिलं.

मावशीच्या गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. मावशी दारात आली, माझी पेटी आत घेतली, मला जवळ ओढलं, आणि मागं बाबा दिसले तशी गडबडली.

"भाऊजी, तुमी येणार होते तं कळवायचं ना. भाजी जास्तीची टाकली असती."

"मी कोठी येणार होतो," बाबा म्हणाले. "पोरीले बसवून द्याले गाडीत चढलो, अन् उतरायचं राहून गेलं."

मावशीच्या दोघी पोरी खिदळल्या. त्यांनी काकांच्या गमतींबद्दल ऐकलं होतं. बाबाही त्यांच्याबरोबर हसले. मग ते उभ्या उभ्या पाणी प्यायले, मावशीनं किती आग्रह केला तरी जेवायला थांबले नाहीत, पुसदची गाडी चुकेल म्हणाले, आणि गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत एकदाही मागं वळले नाहीत. शाळा उघडायला अजून आठवडा होता.